'बॉयकॉट' : एका नकारदर्शक क्रियापदाचा जन्म व अर्थविस्तार

नकार दर्शविणाऱ्या इंग्रजी क्रियापदांपैकी बहुतेकांचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि ती फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आलेली आहेत. 'रिफ्यूज' या क्रियापदाचा संबंध साधारणतः 'परत ओतणे' या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडला जातो. 'डिनाय' या क्रियापदाच्या मुळाशी 'निक्षून नाही म्हणणे' हा अर्थ आहे, 'डिक्लाइन'च्या मुळाशी 'बाजूला कलणे' हा आहे, तर 'रिजेक्ट'च्या मुळाशी 'मागे फेकणे' हा आहे. या सर्व क्रियापदांत एक साम्य आढळते. त्यांनी सूचित होणारी क्रिया एकट्या मनुष्यास करता येते. किंबहुना ती प्रायः एकट्याचीच असते. तसेच ही क्रियापदे केव्हा व कोणाच्या मुखातून प्रथम निघाली हे सांगता येत नाही. शतकानुशतकांच्या वापरातून ती घडत गेली.

'बॉयकॉट' हे क्रियापद या दोन्ही बाबतींत निराळे आहे. त्याचे जन्मवर्ष, जन्मस्थान आणि जन्माचे कारण ही तिन्ही ज्ञात आहेत. आणि त्याने सूचित होणारा नकार एकट्याने देऊन काहीच साधत नाही. तो समूहाचा नकार आहे. भारतीय भाषांत या शब्दासाठी 'बहिष्कार' हा पर्याय रूढ झाला, आणि मराठीत तर त्यास राजकीय व सामाजिक अशा दोन्ही क्षेत्रांत मोठे महत्त्व प्राप्त झाले. परंतु मूळ शब्द आणि त्याचा मराठी पर्याय यांचा अर्थ पूर्णतः एक आहे काय, आणि नसल्यास त्या भेदातून काय निष्पन्न झाले, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. त्याचा संबंध माणसांच्या जगण्याशी पोहोचतो. म्हणून या शब्दाचा इतिहास मुळापासून पाहणे आवश्यक ठरते.

१

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो हा परगणा एकोणिसाव्या शतकात अत्यंत दरिद्री म्हणून प्रसिद्ध होता. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे जो महादुष्काळ झाला, त्याची स्मृती तेथील वृद्धांच्या मनांत ताजी असतानाच १८७९ मध्ये पीक पुन्हा बुडाले. जमिनीची मालकी मूठभर जमीनदारांकडे होती. त्यांपैकी अनेकजण दूर राहत आणि मुखत्यारामार्फत खंड वसूल करीत. खंड थकला की बेदखली, आणि बेदखली म्हणजे घरदार सोडून रस्त्यावर येणे किंवा अमेरिकेची वाट धरणे, अशी कुळांची स्थिती होती. या परिस्थितीत १८७९ च्या ऑक्टोबर महिन्यात डब्लिन येथे 'लँड लीग' या संस्थेची स्थापना झाली. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल हा तिचा अध्यक्ष झाला. परंतु तिच्यामागील मुख्य प्रेरणा मेयोमध्येच जन्मलेला आणि बालपणी स्वतः बेदखलीचा अनुभव घेतलेला मायकेल डॅव्हिट याची होती.

१९ सप्टेंबर १८८० रोजी क्लेअर परगण्यातील एनिस येथे पार्नेलने एक भाषण केले. शेजाऱ्यास बेदखल करून मोकळी झालेली जमीन जो मनुष्य खंडाने घेईल त्याचे काय करावे, असा प्रश्न त्याने श्रोत्यांस विचारला. गर्दीतून त्यास गोळी घालावी असे उत्तर आले. पार्नेलने याहून अधिक सौम्य आणि अधिक परिणामकारक असा मार्ग सुचविला : रस्त्यात, दुकानात, बाजारात, एवढेच नव्हे तर प्रार्थनामंदिरातही त्या मनुष्याशी कोणी बोलू नये, पूर्वीच्या काळी महारोग्यास जसे दूर ठेवीत तसे त्यास एकटे पाडावे. या भाषणासंबंधी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. पार्नेलच्या डोळ्यांसमोर असलेला अपराधी हा जमीनदार नव्हता, किंवा त्याचा मुखत्यारही नव्हता. तो दुसरे एक कूळच होता. म्हणजे हे शस्त्र प्रथम उगारले गेले ते बरोबरीच्या माणसावर. पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

२

या भाषणास आठवडाही लोटला नाही तोच त्याचा प्रयोग झाला, परंतु तो निराळ्या मनुष्यावर. लॉख मास्क नावाच्या सरोवराकाठी लॉर्ड अर्न या जमीनदाराची सुमारे दीड हजार एकर जमीन होती. तिचा मुखत्यार चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात जन्मलेला गृहस्थ होता. लोक त्यास कॅप्टन म्हणत. वास्तविक त्याची सैन्यातील नोकरी अल्पकाळची व कनिष्ठ पदावरील होती. लॉर्ड अर्नने वाईट हंगाम ध्यानात घेऊन खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती. कुळांनी पंचवीस टक्क्यांची मागणी केली. ती नाकारण्यात येऊन अकरा कुळांविरुद्ध बेदखलीचे हुकूम काढण्यात आले. २२ सप्टेंबर १८८० रोजी बेलिफ पोलिसांच्या संरक्षणात हे हुकूम बजावण्यास निघाला असता गावातील स्त्रियांनी चिखल व शेण यांचा मारा करून त्यास पिटाळून लावले.

दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉटच्या घरचे नोकर व शेतावरील मजूर काम सोडून गेले. लोहाराने काम नाकारले, परटिणीने कपडे धुण्याचे नाकारले, टपाल आणणाऱ्या मुलाने येणे बंद केले. जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदार त्यास माल देईनासे झाले. पीक शेतात उभे होते आणि कापणीस माणूस नव्हता. बॉयकॉटने आपली कहाणी लंडनच्या 'टाइम्स' पत्राकडे लिहून पाठविली. ती ऑक्टोबरच्या मध्यास प्रसिद्ध झाली आणि मेयोमधील एका खेड्याचे भांडण साऱ्या ब्रिटनच्या चर्चेचा विषय बनले. आयर्लंडच्या उत्तरेकडील कॅव्हन व मोनॅघन या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक त्याच्या पिकाच्या कापणीस निघाले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक व पोलीस नोव्हेंबर महिन्यात तेथे नेण्यात आले. जे पीक वाचविले त्याची किंमत जेमतेम पाचशे पौंड होती. ते वाचविण्याचा खर्च दहा हजार पौंडांच्या घरात गेला. एकेका टर्निपमागे सरकारास एक शिलिंग पडला, असा हिशेब पार्नेलने उपहासाने मांडला. नोव्हेंबरच्या अखेरीस स्वयंसेवक परतले, त्यांच्याबरोबर बॉयकॉटही सहकुटुंब निघाला, आणि डिसेंबरच्या आरंभी त्याने आयर्लंड सोडले. पुढे तो काही काळ परत आला. १८८६ मध्ये त्याने तेथील बस्तान कायमचे हलविले, आणि १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

शब्दाच्या उत्पत्तीची हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नमूद केली आहे. या नव्या कृतीस काय म्हणावे याविषयी त्याचे नील या गावचे धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली यांच्याशी बोलणे झाले. 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द पुढे आला. परंतु तो शेतकऱ्यांना समजणार नाही असे धर्मगुरूंस वाटले, आणि थोड्या विचारानंतर त्यांनी मुखत्याराच्या नावाचेच क्रियापद करण्याची सूचना केली. ही निवड मार्मिक होती. 'ऑस्ट्रसाइझ' या शब्दामागे प्राचीन अथेन्सची प्रथा आहे : नागरिक खापराच्या तुकड्यांवर नाव कोरून मत देत, आणि ज्याच्याविरुद्ध पुरेशी मते पडत त्यास दहा वर्षे नगराबाहेर जावे लागे. ती राज्यसंस्थेने विहित केलेली हद्दपारी होती. मेयोमधील शेतकऱ्यांपाशी राज्यसंस्था नव्हती. हुकूम, पोलीस व न्यायालय ही सारी दुसऱ्या पक्षाकडे होती. त्यांनी बॉयकॉटला कोठे घालविले नव्हते. त्यांनी आपले हात त्याच्या कामातून काढून घेतले होते, एवढेच.

व्यक्तिनामापासून क्रियापद बनण्याचे प्रकार इंग्रजीत इतरही आहेत. परंतु 'लिंच' किंवा 'मेस्मराइझ' या क्रियापदांत नाव कर्त्याचे आहे. ज्याने ती कृती केली त्याचे आहे. 'बॉयकॉट'मध्ये नाव कर्माचे आहे. ज्याच्यावर ती कृती झाली तो मुखत्यार शब्दरूपाने अमर झाला, आणि ज्या लोहाराने, परटिणीने व मजुरांनी ती केली ते अनामच राहिले. समूहाच्या नकाराचे हे लक्षणच म्हटले पाहिजे.

३

कृती शब्दाहून जुनी होती. अमेरिकेतील वसाहतींनी १७६५ च्या स्टँप कायद्याविरुद्ध ब्रिटिश माल न आणण्याचे करार केले होते. १७९१ मध्ये पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळल्यानंतर इंग्लंडमधील असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमाने पिकलेली साखर वर्ज्य केली होती. परंतु या कृतींना एकत्र गोवणारे नाव नव्हते. नाव मिळताच ती कल्पना वेगाने पसरली. १८८० चा नोव्हेंबर संपण्यापूर्वीच 'टाइम्स' हे पत्र या शब्दाचा क्रियापद म्हणून उपयोग करीत होते. अल्पावधीत फ्रेंच, जर्मन, डच, रशियन या भाषांनी तो आपापल्या प्रत्ययांसह स्वीकारला.

याबरोबरच त्याची दुसरी बाजूही प्रकट झाली. मेयोमध्ये सर्वच दुकानदार व नोकर स्वेच्छेने दूर झाले होते असे नाही. काहींना धमक्यांचे भय होते. जो नकारात सामील होत नाही त्यालाच नकाराचे लक्ष्य करावयाचे, ही युक्ती पार्नेलच्या भाषणातच अंतर्भूत होती. १८८७ च्या आयर्लंडविषयक फौजदारी कायद्याने या चळवळीवर नियंत्रणे आणली, आणि १८८८ मध्ये रोमच्या धर्मपीठाने बॉयकॉटचा स्पष्ट निषेध केला. ज्या शब्दाची सूचना एका धर्मगुरूने केली होती, तोच आठ वर्षांनी त्याच्या धर्मपीठाने दूषित ठरविला, ही घटना या शब्दातील अंतर्विरोधाची साक्ष आहे.

४

भारतात हा शब्द राजकीय शस्त्र म्हणून अवतरला तो १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील सभेत ब्रिटिश मालावरील बॉयकॉटचा ठराव झाला, आणि महाराष्ट्रात लोकमान्य टिळक व शिवराम महादेव परांजपे यांनी त्याचा जोराने पुरस्कार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काशी येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांनी बंगालने योजलेला उपाय समर्थनीय ठरविला. परंतु शब्दाविषयी त्यांनी सावधगिरीचा इशारा दिला. आपल्या उत्पत्तीमुळे या शब्दास अप्रिय भाव चिकटले आहेत, आणि दुसऱ्यास इजा करण्याची सूडबुद्धी तो प्रथम सुचवितो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९०६ च्या कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेने दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली बंगालमधील चळवळ न्याय्य असल्याचा ठराव केला. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यास केलेल्या भाषणात टिळकांनी या कल्पनेची व्याप्ती वाढविली : मूठभर परकीय अधिकारी राज्य चालवितात ते आपल्याच साहाय्याने, तेव्हा ते साहाय्य काढून घेणे हेच निःशस्त्र लोकांचे शस्त्र होय. हा विचार लॉख मास्कच्या काठच्या कृतीशी पूर्णपणे सुसंगत होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत 'बॉयकॉट'ने मराठी रूप धारण केले.

मात्र हे रूप नवे नव्हते. 'बहिष्कार' या संस्कृत शब्दाचा अर्थ 'बाहेर करणे' असा आहे. श्रुतिस्मृतींचा अवमान करणारास सज्जनांनी बहिष्कृत करावे असे विधान मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. महाराष्ट्रात जातिपंचायती व धर्माधिकारी यांच्या हाती हा दंड शतकानुशतके होता. 'वाळीत टाकणे', 'ग्रामण्य', 'पंक्तिबाह्य करणे' हे शब्दप्रयोग त्याचीच अंगे होत. स्वतः टिळकांना त्याचा अनुभव होता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य झाले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न १८९२ पर्यंत गाजला.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट होतो. इंग्रजी क्रियापदाचा केंद्रबिंदू नकार देणारा मनुष्य आहे : तो आपले काम, आपला पैसा, आपली सोबत काढून घेतो. मराठी शब्दाचा केंद्रबिंदू बाहेर काढला जाणारा मनुष्य आहे, आणि त्यास बाहेर काढण्यासाठी काढणाऱ्यापाशी आधीच एक 'आत' असावे लागते. पंगत, पाणवठा, देऊळ, गाव यांवर त्याची सत्ता असावी लागते. मराठीत बहिष्कार 'टाकला' किंवा 'घातला' जातो. या क्रियापदांतही वरून खाली येणाऱ्या दंडाची छाया आहे. मँचेस्टरच्या कापडास हा शब्द लावला तेव्हा या भेदाने काही बिघडले नाही. कापडास तहान लागत नाही. परंतु माणसास तो लावला म्हणजे दुर्बलांचा नकार आणि प्रबलांचा दंड ही दोन्ही एकाच नावाने वावरू लागतात, आणि पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्यास मिळण्याचा धोका उत्पन्न होतो. १९२० च्या चळवळीस महात्मा गांधींनी 'असहकार' हे नाव दिले. त्या चळवळीतही विधिमंडळे, न्यायालये व सरकारी शाळा यांवरील बहिष्कार होताच. परंतु विरोधकाशी सामाजिक संबंध न ठेवणे आणि त्यास जीवनावश्यक सेवा नाकारणे यांत त्यांनी स्पष्ट फरक केला, व दुसरा प्रकार निषिद्ध मानला.

५

ज्या समाजास या दंडाची झळ पिढ्यान्‌पिढ्या लागली होती त्याने हा शब्द आपल्या बाजूने उच्चारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत. १९२४ मध्ये मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली, आणि महाडच्या चवदार तळ्यावरील मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर लगेच, एप्रिलमध्ये, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. या दोन्ही नावांत इंग्रजी क्रियापदातील विशेषच पुन्हा दिसतो. नाव सोसणाऱ्याचे आहे. फरक एवढाच की मेयोमध्ये ते विरोधकांनी दिले होते, येथे ते स्वतः धारण केले होते. अस्पृश्यांपैकी बहुतेक लोक भूमिहीन होते. मजुरी, वाणसामान, पाणी, जाण्यायेण्याची वाट या साऱ्यांसाठी ते गावावर अवलंबून होते. हक्काची भाषा बोलताच गावाने व्यवहार बंद करावा आणि काही दिवसांत त्यांना शरण आणावे, असा प्रकार वारंवार होई. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे आंबेडकर हे एक सदस्य होते, या प्रकाराची गंभीर दखल घेतली.

गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर व रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना मांडली, तीत बहिष्कार हा दंडनीय अपराध मानावा अशी मागणी होती. त्यासाठी बहिष्काराची कायदेशीर व्याख्या आवश्यक होती, आणि ती १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून काही फेरफार करून घेण्यात आली. ब्रह्मदेश त्या काळी भारत सरकारच्या अमलाखालील प्रांत होता, आणि तो कायदा तेथील राष्ट्रीय चळवळीच्या बहिष्कारास आळा घालण्यासाठी करण्यात आला होता. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी घडविलेली व्याख्या अशा रीतीने गावातील सर्वांत दुर्बल मनुष्याच्या रक्षणासाठी योजिली गेली. घर किंवा जमीन वापरू न देणे, मजुरीने काम न देणे वा न करणे, व्यापार न करणे, नेहमीच्या अटींवर सेवा नाकारणे, ही त्या व्याख्येतील कलमे वाचली असता बॅलिनरोबच्या दुकानदारांची व लोहाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कृती अक्षरशः तीच आहे. बदलली आहे ती केवळ बळाची दिशा.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न संपला नाही. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरविला. जातिपंचायतींच्या जाचाविरुद्ध दीर्घकाळ मागणी झाल्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. चतुःसूत्रीत ज्या शब्दास राष्ट्रीय कर्तव्याचे स्थान होते तोच शब्द 'सामाजिक' या विशेषणासह अपराधाचे नाव झाला आहे, आणि यात विसंगती नाही.

६

या क्रियापदाच्या इतिहासावरून असे दिसते की नकाराची न्याय्यता शब्दावर किंवा बाह्य कृतीवर ठरत नाही. ती नकार देणारास काय गमवावे लागते यावर ठरते. मेयोमधील मजूर काम सोडून गेला तेव्हा त्याची मजुरी बुडाली, आणि कुळाच्या डोक्यावर बेदखली टांगलेली होती. साखर सोडणाऱ्या कुटुंबाने स्वतःची गोडी सोडली. विलायती कापड सोडणाऱ्याने जाडेभरडे कापड अंगावर घेतले. याउलट जो गाव एका घराचे पाणी तोडतो, त्याच्या स्वतःच्या घागरीत एक थेंबही उणा होत नाही. पहिला नकार आहे, दुसरा दंड आहे. एनिसच्या भाषणात ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली होती. म्हणूनच इंग्रजीत या शब्दाचे मूल्य कायम संदिग्ध राहिले आणि गोखल्यांना त्याविषयी इशारा द्यावा लागला. मराठीत 'बहिष्कार' या एकाच शब्दाने दोहोंचा भार वाहिला. तो शब्द वाचताना किंवा योजताना त्यापूर्वी 'कोणाचा' आणि 'कोणावर' हे दोन प्रश्न विचारणे हा अभ्यासकाचा काटेकोरपणा तर आहेच. परंतु महाडच्या तळ्याचा इतिहास ज्या भाषेत घडला, त्या भाषेच्या बाबतीत ते न्यायबुद्धीचेही लक्षण आहे.